कोरडा वेग

पिनबॉलच्या यंत्राचा पट उचलून उभा केला की खालच्या बाजूला आधी नजरेत भरते ती काळी भुकटी. तारांच्या जुडग्यांवर, दिव्यांच्या खोबणींत, कॉइलींच्या भोवती. बोटाला लागली तर सहजी निघत नाही. घरातली धूळ राखाडी आणि हलकी, ती बाहेरून येऊन बसते. ही भुकटी यंत्राच्या पोटातच तयार होते. पोलादी प्लंजर नळीत धावतो, गोळी लाकडावर घरंगळते, रबरावर आदळते, आणि दर वेळी कशाचा ना कशाचा एक कण सुटतो. वर काचेखाली जो वेग लखलखतो, तो खाली असा साचत जातो. मला ती पुसायला आवडतं, कारण ती बोलते. जिथे जास्त दाट, तिथे काहीतरी वाकडं घासतंय.

आमच्या तळघरातलं यंत्र म्हणजे विल्यम्स कंपनीचं 1990 सालचं 'व्हर्लविंड'. पॅट लॉलर यांनी त्याची रचना केली. आम्ही राहतो शिकागोच्या उपनगरात, आणि हे यंत्रही शिकागोचंच. गॉटलिब, बॅली, विल्यम्स ही या धंद्यातली मोठी नावं सगळी याच शहरातली, त्यामुळे इतक्या वर्षांत हे यंत्र मला परकं वाटेनासं झालं आहे. विषय वादळाचा. पटात तीन गोल चकत्या बसवल्या आहेत. वादळ उठलं की त्या गरगरायला लागतात, माथ्यावरचा पंखा खेळणाऱ्याच्या तोंडावर वारा सोडतो, आणि सरळ खाली येणारी गोळी चकतीवर पाय ठेवताच भलतीच वाट धरते. वादळाचं सोंग इतक्या थोड्या सामानात इतकं खरं वठवलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आपल्याकडे खिळे ठोकलेली, बॅगाटेलची पाटी अनेकांनी लहानपणी खेळली असेल. दांडा ओढून सोडायचा, गोळी वर जाते, खिळ्यांना ठेचकाळत उतरते, जिथे पडेल तिथले गुण आपले. पिनबॉल तिचाच वंशज. तो स्प्रिंगचा दांडा सिनसिनाटीच्या माँटेग्यू रेडग्रेव्ह यांच्या 1871 सालच्या पेटंटमधला. त्यानंतर पाऊणशे वर्षं खेळणाऱ्याच्या हाती फारसं काही नव्हतं. गोळी सोडायची, फार तर यंत्राला धक्का द्यायचा, बाकी नशीब. 1947 साली गॉटलिबच्या 'हम्प्टी डम्प्टी'मध्ये हॅरी मॅब्ज यांनी विजेवर चालणारे सहा फ्लिपर, म्हणजे बटण दाबताच गोळीला टोलवणारे छोटे हात, बसवले. पुढच्याच वर्षी स्टीव्ह कॉर्डेक यांनी 'ट्रिपल अ‍ॅक्शन'मध्ये दोनच फ्लिपर ठेवले, पण अगदी तळाशी, जिथे गोळी निसटणार तिथेच. बुडणारी गोळी आता परत वर धाडता येऊ लागली. वस्तू केवढी, तर बोटाएवढी, पण तिच्यामुळे खेळ नशिबाच्या हातून माणसाच्या हाती आला.

कायद्याला मात्र हे पटायला वेळ लागला. न्यूयॉर्क शहरात 1942 मध्ये महापौर ला गार्डिया यांनी पिनबॉलवर बंदी घातली, यंत्रं जप्त करून हातोड्यांनी फोडली. आक्षेप एकच, हा जुगार आहे. बंदी उठली 1976 साली. त्या वर्षी रॉजर शार्प नावाचे तरुण पत्रकार नगर परिषदेच्या समितीसमोर खेळून दाखवायला उभे राहिले. यंत्रं दोन आणली होती, एक बिघडलं तर दुसरं हाताशी असावं म्हणून. पहिल्यात काही करामत केली असेल अशा शंकेनं त्यांना राखीव यंत्रावर खेळायला लावलं गेलं. शेवटी त्यांनी दांडा हातात धरून, गोळी मधल्या वाटेनं जाईल असं आधी सांगितलं आणि ती मधल्याच वाटेनं गेली. ही गोष्ट शार्प यांच्या हातखंड्याची म्हणून सांगतात. मला मात्र तितकंच कौतुक त्या राखीव यंत्राचं वाटतं. ऐन वेळी ओढलेलं यंत्र, पण त्याची स्प्रिंग जेवढी ओढली तेवढीच देणारी होती, पाय समतल होते, वाटेवर चिकट काही नव्हतं. त्यातलं एक जरी बिनसलं असतं, तर तोच हात, तोच अंदाज, आणि गोळी शेजारच्या वाटेला.

निगा राखण्यामागचं माझं कारण हेच आहे. फ्लिपर थकला की पिनबॉल पुन्हा नशिबाचा खेळ होतो. कालपर्यंत ज्या क्षणी बटण दाबलं की गोळी चढणीवर जायची, त्याच क्षणी दाबलं तर ती अर्ध्यातून परत येते. खेळणारा आपला अंदाज बदलतो, मग यंत्र आणखी थकतं, तो आणखी बदलतो. मुलं शिकतात ती खोटी वेळ शिकतात. हे मला पाहवत नाही.

फ्लिपरचा ठोका पापणी लवायच्या आत पुरा होतो. एवढ्यात काय काय घडतं? बटण दाबलं की सुमारे 50 व्होल्टचा प्रवाह कॉइलमध्ये शिरतो. कॉइल म्हणजे तांब्याच्या तारेची गुंडाळी, तिच्या पोटात नायलॉनची नळी, नळीत पोलादी प्लंजर. चुंबकत्व जागं होतं, प्लंजर आत खेचला जातो, त्याला जोडलेली कडी खालचा दांडा फिरवते आणि वर फ्लिपर उसळतो. कॉइलमध्ये वेढे मात्र दोन प्रकारचे. एक जाड तारेचा, चार-पाच ओहमचा, दणका देणारा. दुसरा बारीक तारेचा, शंभरावर ओहमचा, नुसता धरून ठेवणारा. प्लंजर टोकाला पोहोचला की पत्तीचा एक स्विच उघडतो आणि जाड वेढ्याचा प्रवाह तोडतो. मग बटण कितीही वेळ दाबून धरा, बारीक वेढा थोड्याशा विजेवर फ्लिपर तोलून धरतो. ही पत्ती उघडली नाही तर जाड वेढा तापत राहतो, काही क्षणांत जळका वास येतो. उलट तिच्या टोकांवर ठिणग्यांचे खड्डे पडले, तर पुरता प्रवाहच पोहोचत नाही आणि फ्लिपर आजाऱ्यासारखा उठतो. वरून बघणाऱ्याला वाटतं, कॉइल गेली. कॉइल धडधाकट असते, सगळा दोष त्या नखाएवढ्या पत्तीचा.

म्हणून मी आधी पत्तीकडे बघते, मग नळीकडे. काम सुरू करण्याआधी यंत्र बंद करून भिंतीतला प्लगच काढायचा. नुसत्या बटणावर मी कधी विसंबत नाही. काच सरकवून बाहेर काढायची आणि गालिच्यावर ठेवायची. ही काच कडक केलेली असते, सपाट दणका सोसते, पण कोपरा फरशीवर टेकला तर चुरा होतो. गोळ्या काढून घ्यायच्या, नाहीतर पट उचलताच त्या गडगडत काहीतरी फोडतात. मग प्लंजर बाहेर ओढायचा. सुखानं निघाला तर ठीक. अडला, तर टोक बघायचं. थांब्यावर आदळून आदळून ते छत्रीसारखं पसरलेलं असतं आणि नळीला आतून खरवडत असतं. कडीचं गोल भोक लांबट झालेलं असतं, बटण आणि फ्लिपर यांच्यामधला ढिलेपणा तिथूनच येतो. थांब्याचा पत्रा दबून खोलगट झालेला असतो. हे सगळं बदलायचं. मुद्दाम स्वस्त ठेवलेले भाग आहेत ते. नळी नायलॉनची असते ती एवढ्यासाठीच, की झिजायचं तर तिनं झिजावं, कॉइल आणि प्लंजर वाचावेत. नव्या नळीत नवा प्लंजर धरून सोडला की तो आपल्याच वजनानं सुळकन खाली येतो.

माझी आई सांगलीहून आली होती तेव्हा शेजारी स्टूल घेऊन बसायची. तिचं अर्धं आयुष्य शिवणयंत्रापुढे गेलं. यंत्र कुरकुरलं की छोट्या तोटीच्या डबीतून थेंब सोडायचा, चाक दोन वेळा फिरवायचं, हे तिच्या हाताला झोपेतही येतं. "अगं, इतकं घासतंय तर थेंबभर तेल सोड ना," ती म्हणाली. मी तिला जुनी नळी दाखवली. आधीच्या कुणा मालकानं तिच्यात तेल सोडलं होतं. तेलानं भुकटी धरली, कॉइलच्या उष्णतेनं ती शिजली, आणि आत काळं डांबर झालं होतं. आईनं नळी उजेडाकडे धरून आरपार बघितलं, पदरानं बोट पुसलं आणि म्हणाली, "मग याला कोरडंच राहू दे." तिचंही चुकलेलं नव्हतं. शिवणयंत्रात धातूवर धातू फिरतो. आमच्याही यंत्रात, चकत्या फिरवणाऱ्या मोटरीच्या दात्यांना ग्रीस लागतं, दाते दात्यांवर सरकतात म्हणून. पण जिथे पोलाद नायलॉनमधून बाणासारखं जायचं आहे, तिथे तेलाचा थेंबही नको. अतिवेगाला कोरडेपणा आणि स्वच्छता एवढंच मानवतं.

बंपरचं तंत्र मला फ्लिपरपेक्षाही देखणं वाटतं. वरून दिसते ती रंगीत टोपी. तिच्या खाली प्लॅस्टिकचा एक घेर, घेराच्या पोटातून खाली गेलेलं एक टोक, आणि ते टोक टेकलेलं असतं पटाखालच्या एका इवल्याशा चमच्यात. गोळीनं घेराच्या कडेवर कुठूनही भार दिला की टोक कलतं, चमचा खाली दबतो, पत्त्या जुळतात, कॉइल वरचं कडं खाली ओढते आणि त्या उतरत्या कड्याखालून गोळी चिमटीतून निसटल्यागत उडते. सगळं अवलंबून आहे ते टोक चमच्याच्या बरोबर मध्यावर असण्यावर. थोडं डावीकडे सरकलं तर एका बाजूनं आलेल्या गोळीला बंपर सणसणीत उत्तर देतो आणि दुसऱ्या बाजूनं आलेलीकडे बघतही नाही. स्क्रू सैल करायचे, चमचा केसभर सरकवायचा, स्क्रू आवळायचे, मग घेराला चहूबाजूंनी बोटानं हलकेच दाबून बघायचं. घड्याळाच्या बाराही आकड्यांवर सारखाच टिक यायला हवा. हे काम कधीकधी दुपार खातं, आणि मला त्या दुपारचं जराही वाईट वाटत नाही.

जुन्या यंत्रांत स्पिनर असतो, तारेवर लटकवलेली पातळ पाटी. गोळी खालून गेली की ती सर्रकन फिरते आणि प्रत्येक फेरीला गुण. तार सरळ आणि दोन्ही बाजूंची भोकं स्वच्छ असली, की गोळी केव्हाच पुढे गेलेली असते आणि पाटी अजून फिरतच असते. पिनबॉलमधला हा सगळ्यात सुंदर आवाज, असं माझं ठाम मत आहे.

पत्त्यांबाबत मात्र एक भेद काटेकोर पाळावा लागतो. फ्लिपरच्या जुन्या धाटणीच्या पत्त्यांवर टंगस्टनची टोकं असतात, त्यांना बारीक कानस चालते. गुण मोजणाऱ्या पत्त्यांवर सोन्याचा मुलामा असतो, केवळ नावापुरता पातळ. तिथे कानस लावली की मुलामा गेला आणि पत्ती कायमची अविश्वासू झाली. त्यांच्यामध्ये कोरं व्हिजिटिंग कार्ड धरायचं, पत्त्या हलक्या मिटायच्या आणि कार्ड ओढून घ्यायचं. कार्डावर एक काळी रेघ येते. दुसऱ्या वेळी फिकट. तिसऱ्या वेळी बहुधा नाहीच.

आणि गोळी. 27 मिलिमीटर व्यास, वजन सुमारे 80 ग्रॅम. ती आरशासारखी आहे तोवर पट जपते. तिच्यावर ओरखडे पडले की तीच पॉलिश पेपर होते आणि चित्र रंगवलेला तो लाकडी पट वर्षानुवर्षं थोडा थोडा खाते. चकतीच्या काठावर हे आधी दिसतं. चकती पटाच्या पातळीपेक्षा किंचितही वर राहिली तर गोळी तिच्या कडेला ठेच खाते, उडी मारते, आणि जिथे उतरते तिथे रंगाला टवका. नव्या गोळ्या अगदी स्वस्त, तरी लोक त्या बदलत नाहीत. हे मला खरोखर समजत नाही.

नवे भाग बसवले की फ्लिपर आवळताना खालच्या नायलॉनच्या बुशापाशी किंचित उभी फट ठेवायची, नाहीतर तो पटावर घासतो. टोक कुठे टेकायचं याची खूण अनेक पटांवर कारखान्यानंच करून ठेवली आहे. सुईसारखं भोक असतं, त्यात टूथपिक उभी करायची आणि फ्लिपर तिला टेकवायचा. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की काच बसवायच्या आधी धाकटीला हाक मारते. डावा फ्लिपर उचलून धर, गोळी त्यावर थांबू दे, मग सोड आणि टोकाशी आली की मार. ती मारते, आणि गोळी चढणीच्या डाव्या खांबाला आपटते. पुन्हा मारते, पुन्हा खांब. "आई, हे अजून नीट झालं नाहीये," ती म्हणते. मी मारून बघते, गोळी चढणीवरून वळसा घालून खाली येते. ती मला बाजूला करते, बटणावर बोट ठेवते आणि या वेळी जरा उशिरानं मारते.