क्लाइडबँक : शिवणयंत्रांचे गाव

ग्लासगोहून पश्चिमेकडे जाणाऱ्या आगगाडीत बसले की अर्ध्या तासाच्या आत एक लहानसे स्थानक लागते. त्याच्या पाटीवर ‘सिंगर’ एवढाच शब्द आहे. आपल्या खेड्यांतील कितीतरी घरांत हा शब्द काळ्या लोखंडावर सोनेरी अक्षरांत उमटलेला असतो. इंग्रजीचा गंधही नसलेल्या आजीबाई तो पाहताच ओळखतात. तो एका रेल्वेस्थानकाचे नाव असेल, हे मात्र त्यांच्या स्वप्नीही आले नसेल. गतवर्षी काही कामानिमित्त ग्लासगोस राहण्याचा योग आला, तेव्हा एक दुपार मुद्दाम राखून आम्ही तेथे उतरलो.

पाहण्यासारखे तेथे फारसे काही उरलेले नाही, हे आधीच सांगून टाकतो. स्थानकालगत आता निरनिराळ्या कंपन्यांच्या बैठ्या इमारती आहेत. त्याच भूमीवर १८८५ साली सिंगर कंपनीने आपला प्रचंड कारखाना उघडला. जागेचे नाव किल्बोवी. कंपनी अमेरिकेची, पण लोखंड, कोळसा, नदी आणि कुशल कारागीर यांचा असा मेळ तिला स्कॉटलंडात सापडला. १९१३ साली या एका कारखान्यातून दहा लाखांहून अधिक यंत्रे बाहेर पडली. कामगारांसाठी खास गाड्या धावत. कारखान्यावर दोनशे फूट उंचीचा मनोरा होता आणि त्याच्या चारही बाजूंना प्रचंड घड्याळे होती. सारे गाव त्या घड्याळावर जेवत होते आणि झोपत होते. १९६३ साली तो मनोरा पाडण्यात आला; १९८० साली कारखाना कायमचा बंद झाला.

या गावाने सोसलेही पुष्कळ. १९११ च्या मार्च महिन्यात यंत्रांच्या लाकडी पेट्यांना झिलई देणाऱ्या बारा स्त्रियांनी काम थांबविले. त्यांच्यातील काही जणींना कमी करून त्यांचे काम उरलेल्यांवर लादण्यात आले होते, आणि मजुरी मात्र घटली होती. बारा जणींच्या पाठोपाठ दहा हजारांवर कामगार बाहेर पडले. सुमारे तीन आठवड्यांनी संप मोडला आणि पुढाऱ्यांसह शेकडो जणांना घरी बसावे लागले. ज्या पेटीवर आपण जपून हात फिरवितो, तिची झिलई कोणाच्या घामाची आहे, हे आम्हांस त्या दुपारपर्यंत ठाऊक नव्हते. पुढे १९४१ च्या मार्चमधील १३ व १४ या दोन रात्री जर्मन विमानांनी या गावावर बाँब टाकले. कारखान्याची लाकडाची वखार पेटली. गावातील ५२८ माणसे मृत्युमुखी पडली आणि हजारो घरांपैकी धड राहिलेली घरे बोटांवर मोजण्याइतकी होती.

आम्ही तेथे गेलो त्याला एक कारण होते. आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध विधवा काही महिन्यांपूर्वी आम्हांस म्हणाली होती, “फादर, आमच्या यंत्राला गिऱ्हाईक आले आहे. खालच्या लोखंडी पायांचे तीन हजार देतो म्हणतो. त्यावर फळी टाकून हॉटेलात टेबले करतात म्हणे. वरचे डोके भंगारात जाईल. देऊ का?” त्या यंत्रावर तिने तीन मुलांची शिक्षणे केली होती. दहा वर्षे ते बंद होते. “आई, थोडे थांबा,” एवढेच आम्ही म्हटले आणि यंत्राच्या बैठकीवर कोरलेला क्रमांक टिपून घेतला.

क्लाइडबँकच्या संग्रहालयात अशी शेकडो यंत्रे जपलेली आहेत. तेथे आम्हांस एक बाई भेटल्या. तरुणपणी कारखान्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी तेथे काम केले होते. आम्ही क्रमांक दाखविला. “वाय! म्हणजे इथलेच,” त्या म्हणाल्या, आणि लगेच विचारले, “तेल कोण घालते?” आम्हांस उत्तर देता आले नाही.

हे क्रमांक वाचणे कठीण नाही. १९०० पूर्वीच्या यंत्रांवर नुसते आकडे असतात. त्यानंतर आकड्यांपूर्वी एक अक्षर येऊ लागले. ‘एफ’ आणि ‘वाय’ ही क्लाइडबँकची अक्षरे. ‘वाय’ म्हणजे १९२१ ते १९३५ या काळातील यंत्र. ‘सी’ असेल तर ते जर्मनीतील विटेनबर्गे येथील. १९३५ पासून दोन अक्षरे आली आणि ‘ई’ ने आरंभ होणारी जोडी क्लाइडबँकला मिळाली. यंत्राच्या जातीच्या आकड्यापुढे ‘के’ असेल, जसे ‘पंधरा के’, तर तो किल्बोवीचा ‘के’. काही यंत्रांवरील निळ्या काठाच्या पट्टीवर १८५१ ते १९५१ असे लिहिलेले असते. ते पाहून यंत्र पावणेदोनशे वर्षांचे आहे असे सांगणारे आम्हांस भेटले आहेत. ती पट्टी कंपनीच्या शतसंवत्सरीची आहे. यंत्राचा जन्म १९५१ च्या सुमाराचा.

ही यंत्रे आपल्याकडे आली कशी? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी सिंगरचा व्यापार आपल्या देशात पसरविला. हप्त्याहप्त्याने पैसे फेडण्याची सोय होती, म्हणून शिंप्यांना आणि पुढे गृहिणींना ते परवडले. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनीही १९२४ साली सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला. पत्नीचे शिवणाचे कष्ट पाहून सिंगरने ते प्रेमापोटी बनविले, असे ते म्हणाले. (आयझॅक सिंगर यांचे खरे कौटुंबिक आयुष्य या कुटुंबपत्रात सांगण्याजोगे नाही, पण यंत्राचा त्यात काय दोष?)

जुन्या यंत्राभोवती फसवणूकही पुष्कळ फिरते. २००९ च्या एप्रिलमध्ये सौदी अरबस्तानात अशी आवई उठली की जुन्या सिंगर यंत्रांत ‘लाल पारा’ नावाचे बहुमोल द्रव्य असते. लोक मोबाइल फोन सुईजवळ धरून परीक्षा करू लागले आणि साध्या यंत्रासाठी हजारो रियाल मोजू लागले. यंत्रात असले काहीही नसते. असे कोणी आपल्या दारी येऊन सांगू लागला, तर त्यास चहाही देऊ नये. संग्रह करणाऱ्यांचा मात्र आम्हांस राग नाही. त्यांच्यामुळेच क्रमांकांच्या याद्या जुळल्या. परंतु काचेच्या कपाटात ठेवून ज्याला वर्षानुवर्षे दोरा लागत नाही, ते यंत्र आमच्या मते अर्धेच जपले गेले.

परत आल्यावर त्या विधवेच्या घरी आम्ही गावातील शिंप्यास घेऊन गेलो. चाक जागचे हलत नव्हते. बहुधा अशा यंत्रात काही मोडलेले नसते; जुने तेल वाळून डिंकासारखे झालेले असते. शिंप्याने प्रत्येक छिद्रात रॉकेलचे दोन थेंब सोडले, ते रात्रभर तसेच ठेवले, सकाळी पुसून यंत्राचे तेल घातले आणि मग चाक हळूहळू आपल्याकडे फिरविले. जोर कोठेही लावला नाही. सोनेरी नक्षीवर स्पिरिट लावू नये, खालचे रोगण विरघळते आणि नक्षी निघून येते. मऊ फडके व थोडे तेल पुरे. चामड्याची वादी तुटली होती, ती नवी आणली. सुई, बॉबिन हे सारे बाजारात मिळाले, कारण आपल्याकडील कितीतरी यंत्रे याच ‘पंधरा’ जातीच्या घाटाची आहेत. लांबट शटलची आणखी जुनी यंत्रे असतील, तर त्यांची बॉबिन सांभाळून ठेवावी. ती सहज मिळत नाही.

पहिली टीप घातली ती खालून सारी गुंतलेली. बाई म्हणाल्या, “बॉबिन बिघडली.” शिंपी हसला. खाली गुंता दिसला तर चूक बहुधा वरच्या दोऱ्याची असते: ताणाच्या चकत्यांमध्ये तो नीट बसलेला नसतो किंवा सुईत उलटा ओवलेला असतो. सुईची एक बाजू सपाट असते. तिच्या विरुद्ध बाजूला लांब खोबण असते, आणि दोरा त्या खोबणीच्या बाजूनेच ओवावा लागतो. सुई फिरवून बसविली, दोरा पुन्हा ओवला. दुसरी टीप सरळ आली.

गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात पुन्हा आला होता म्हणे. त्या वेळी बाई नातवाच्या शाळेच्या चड्डीला पट्टी लावीत होत्या. त्यांनी त्यास उसवलेल्या खिशाकडे बोट दाखवून, तो शिवून हवा का, असे विचारले. त्याचे वीस रुपये झाले.