वाळवंट पाहावे, मुक्काम पाण्याजवळ करावा

रब्बीची ज्वारी आणि हरभरा घरात आला की चार-आठ दिवस हात मोकळे होतात. अशा वेळी घरच्या मंडळींना घेऊन राजस्थानचे वाळवंट पाहून यावे, असे पुष्कळांच्या मनात असते. वेळही योग्यच आहे. फाल्गुनाच्या सुरुवातीला जैसलमेरचे ऊन आपल्याला सोसण्याजोगे असते आणि रात्री पांघरूण लागते. मे महिन्यात मात्र तिकडे पारा 42 अंशांच्या वर जातो. जोधपूरहून जैसलमेरपर्यंत रेल्वे आहे. खरा प्रश्न उरतो तो मुक्काम कोठे टाकायचा हा.

आमची चूक आधी सांगतो, म्हणजे तुमची टळेल. आम्ही नवराबायको, दोन मुले आणि सत्तरी ओलांडलेली आई असे पाच जण गेलो होतो. वाळवंट पाहायचे तर वाळूतच झोपले पाहिजे, या हौसेने समच्या टेकड्यांजवळ राहुटी घेतली. सम हे जैसलमेरच्या पश्चिमेला सुमारे 40 किलोमीटरवर आहे. सूर्यास्त फार सुंदर दिसला. पण नंतर मध्यरात्रीपर्यंत आसपास कर्णे वाजत होते. मग वारा सुटला. वाळू अंथरुणात शिरली, डब्यातल्या भाकरीतही शिरली. संडास लांब होता. अंधारात आईला दोनदा हात धरून न्यावे लागले. सकाळी कळले की आंघोळीचे पाणी टँकर आल्यावर मिळेल.

आई एवढेच म्हणाली, "बैलं सोडायची ती पाण्यापाशी, हे तुझ्या आज्याला ठाऊक होतं. तू रेल्वेनं आलास अन् विसरलास."

त्याच दिवशी आम्ही जैसलमेर शहराच्या कडेला एका आवारातल्या राहुट्यांत आलो. भोवती भिंत होती, कडुनिंबाची सावली होती, नळाला पाणी होते आणि संडास दहा पावलांवर होता. वाळू जवळ नव्हती, पण दवाखाना, बाजार आणि एस.टी.सारखी बसगाडी जवळ होती. दिवसा हिंडावे आणि रात्री तेथे येऊन पाठ टेकावी, असे आम्ही ठरवले.

तेथून रोजच्या सहली सोप्या झाल्या. पहिल्या दिवशी किल्ला आणि गडीसर तलाव पाहिला. रावळ जैसलने 1156 साली वसवलेला हा पिवळ्या दगडाचा किल्ला आजही नांदता आहे. आत राहण्याच्या जागाही मिळतात, पण सांडपाणी मुरून किल्ल्याच्या पायाला धोका झाला आहे. तेव्हा पाहावा आत जाऊन, राहावे बाहेर. दुसऱ्या दिवशी बाडमेरच्या रस्त्यावरचे अकल पाहिले. ते सुमारे 17 किलोमीटरवर आहे. तेथे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांची खोडे दगड होऊन पडली आहेत. तनोट आणि लोंगेवाला मात्र शंभर किलोमीटरांहून लांब आहे. डिसेंबर 1971 च्या युद्धात आपल्या जवानांनी लोंगेवाल्याला शत्रूचे रणगाडे रोखले. तिकडे जायचे तर पहाटे निघावे आणि पिण्याचे पाणी भरपूर बरोबर घ्यावे.

पण आईला आवडले ते कुलधरा. जैसलमेरपासून सुमारे 18 किलोमीटरवरचे हे पालीवाल ब्राह्मणांचे ओस पडलेले गाव. लोक तेथे भुताखेतांच्या गोष्टी ऐकायला जातात. तुम्ही गेलात तर पालीवालांच्या शेतीची चौकशी करा. या मुलखात वर्षाला जेमतेम 200 मिलिमीटर पाऊस पडतो. त्यांनी खडकाळ उतारावरून वाहणारे पाणी खालच्या अंगाला लांब मातीचा बांध घालून अडवले. याला खडीन म्हणतात. पाणी साचते, मुरते, आणि ओसरले की त्या ओलीवर गहू, हरभरा पेरतात. आजही असे खडीन पिकतात.

त्याच भागात एका खडिनाच्या बांधावर आम्ही उतरलो. समोर हरभरा उभा होता. आईने वाकून ढेकूळ उचलले, बोटांनी फोडले. आत ओल होती. 1972 च्या दुष्काळात आईने बंडिंगच्या कामावर माती वाहिली होती. बराच वेळ ती ढेकूळ हातात धरून उभी होती. मग म्हणाली, "आम्ही बांध घातले ते पोटासाठी. ते कशासाठी, हे आज कळलं."

पहिल्या मुक्कामावरून हे घडले नसते. न झोपलेल्या, न न्हालेल्या म्हातारीला आम्ही तेथवर नेलेच नसते.

म्हणून मुक्काम ठरवताना चार गोष्टी विचारा. पाणी केव्हा आणि कोठून येते? संडास किती पावलांवर? रात्री गाणी-बजावणी किती वाजता थांबते? दवाखाना किती लांब? माघी पौर्णिमेच्या सुमारास तेथे मरुमहोत्सव भरतो. तेव्हा गर्दी असते, जागा आधी ठरवावी. वाळूच्या टेकड्या एका संध्याकाळी पाहून परत फिरावे.

आणि पाणी जपून वापरा. उरलेले चार दिवस आई एकाच बादलीत आंघोळ उरकत होती. नळाला पाणी होते, तरीही.