डिझेलची वाट

आर्द्रा सरत आल्या की इन्सुलीच्या मळ्यांत चिखलणीची घाई उडते. तरवा हाताशी आलेला असतो, कुणग्यांत घोटाभर पाणी साचलेलं असतं, लावणीच्या बायकांना आदल्या रात्रीच निरोप गेलेला असतो. नेमका अशा वेळी छोटा ट्रॅक्टर कुणग्याच्या मधोमध गचके खातो, आवाज बारीक करतो आणि थांबतो. किल्ली फिरवली की सेल्फ फिरतो, पण इंजिन काही धरत नाही. इतका वेळ ऐकू न आलेला पाऊस मग चहूबाजूंनी ऐकू येऊ लागतो.

बांद्याकडच्या आमच्या मिस्त्रीला फोन लावला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला. "काका, झटक्यान बंद पडलो, काय धापा टाकीत?" अर्धं निदान या प्रश्नातच झालेलं असतं. चालता चालता एकदम गप्प झाला, तर बहुतेक वेळा दोष वायरीत असतो. डिझेल तोडणारा सोलेनॉइड, सीटखालचा सेफ्टी स्विच, चिखलानं सुटलेलं एखादं कनेक्शन, यांतलं काहीतरी. धापा टाकत, आचके देत थांबला, तर त्याला डिझेल पोचत नाही. दुसरा प्रश्न धुराचा. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल, तर डिझेल आत जातंय पण पेटत नाही. धूरच नसेल, तर ते वाटेतच कुठेतरी अडलंय.

या माणसाची पद्धत मला मनापासून आवडते. आल्या आल्या तो इंजिन खोलत नाही. टाकीपासून निघतो आणि डिझेल ज्या वाटेनं जातं, त्याच वाटेनं पुढे सरकतो. आधी टाकीचं झाकण सैल करून कान देतो. झाकणाचं बारीक भोक चिखलानं बुजलं असेल, तर डिझेल संपत जातं तशी टाकीत पोकळी होते आणि खाली धार उतरत नाही. झाकण सैल होताच सुस्स करून हवा आत गेली, तर काम तिथेच संपलं. नाहीतर पुढे कॉक, जाळी, आणि मग फिल्टरखालची काचेची वाटी.

ती वाटी त्यानं काढून आभाळाकडे धरलेली मी पाहिली आहे. वर डिझेलचा पिवळसर थर, खाली पाणी, आणि दोघांच्या मध्ये काजळासारखी एक रेघ. बोट लावलं तर बुळबुळीत. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे बुरशी धरते, तिचाच तो गाळ. हे पाणी कुणी ओतलेलं नसतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या आपल्या मुलखात ते हवेतच असतं. रात्री टाकी अर्धी रिकामी राहिली की वरच्या पोकळीतली दमट हवा थंड पत्र्याला लागून थेंब धरते. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाला जाऊन बसतं, आणि डिझेल तर तळातूनच इंजिनाकडे निघतं. पडवीत आडोशाला ठेवलेल्या कॅनचीही हीच कथा.

वाटी धुतली, फिल्टर बदलला, तरी ट्रॅक्टर लगेच चालू होत नाही, कारण एवढ्या उघडझाकीत नळीत हवा शिरलेली असते. "हवा धरल्यान हा, दुसरा कायएक नाय," मिस्त्री म्हणतो आणि दहाचा पाना मागतो. हे काम समजून घेण्याजोगं आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. आत ओढलेली हवा विसाव्या हिश्शाच्या आसपास दाबली जाते, त्या दाबानं ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नोझल डिझेलचा फवारा सोडतं. तो फवारा उडायला शंभर-दोनशे वातावरणांच्या घरातला दाब लागतो. डिझेल जवळजवळ दबत नाही, म्हणून पंपाचा रेटा जसाच्या तसा नोझलपर्यंत पोचतो. हवा मात्र दबते. नळीतला एक बुडबुडा पंपाचा सगळा जोर स्वतःत जिरवतो आणि नोझल उघडतच नाही. मुठीएवढ्या जागेत डोंगराएवढा जोर उभा करणारं यंत्र एका बुडबुड्यापाशी अडतं, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

रुडॉल्फ डिझेलचं इंजिन 1897 साली जर्मनीत आउग्सबुर्गला नीट चाललं, तेव्हा तो इंधन आत ढकलायला दाबलेली हवाच वापरत होता. त्याच्या कॉम्प्रेसरचं ओझंच एवढं, की असं इंजिन शेतात न्यायची सोय नव्हती. पंपानं थेट डिझेल मारायची युक्ती पक्की झाली, बॉशनं 1927 मध्ये असे पंप कारखान्यात मोठ्या संख्येनं करायला घेतले, तेव्हा कुठे हे इंजिन लहान व्हायला लागलं. आपल्याकडे ते ट्रॅक्टरच्या आधी विहिरीवर आलं. किर्लोस्करांचं ऑइल इंजिन पुण्यात 1946 पासूनचं. त्याच घराण्यातल्या लक्ष्मणरावांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होईल या भीतीनं शेतकरी तो घेईनात. आज आमच्या वाडीत लाकडी नांगर पडवीच्या आढ्याला टांगलेले आहेत. बैलजोड्या विकल्या गेल्या, तरणी पोरं सकाळी मोटरसायकलवर पत्रादेवी ओलांडून गोव्यात कामाला जातात. मळ्यातली नांगरट आता या एका छोट्या इंजिनावर येऊन ठेपली आहे. एका हंगामात ते लावणीच्या तोंडावर अडलं की तो कुणगा त्या वर्षी पड राहतो, आणि पड राहिलेला कुणगा पुढच्या वर्षी पुन्हा लागवडीखाली येईलच असं नाही.

मिस्त्री फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू दोन आटे सैल करतो आणि फीड पंपाची दांडी वरखाली मारत राहतो. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग स्वच्छ धार. धार चालू असतानाच तो स्क्रू आवळतो. मग नोझलच्या नळीचा नट किंचित ढिला करून सेल्फ मारायला सांगतो, तिथून डिझेलची पिचकारी दिसली की नट घट्ट. त्या वेळी कुणी जवळ वाकलं की ओरडतो. त्या दाबाची बारीक धार कातडी फोडून आत शिरते, आणि तसं झालं तर जखम केवढीही दिसो, डॉक्टरकडे जायचंच. सेल्फही तो दहा सेकंदांच्या वर मारू देत नाही. मध्ये दम खाऊ देतो, नाहीतर बॅटरी बसते आणि एकाची दोन दुखणी होतात.

सोलेनॉइड, पंप, नोझल ही मिस्त्रीची कामं, ती त्यालाच करू द्यावीत. पण लावणीच्या आठवड्यात त्याला दहा गावांची बोलावणी असतात, आणि हवा काढायला खरं तर त्याची वाट बघायचं कारण नाही. मिरगाआधी फिल्टर बदला, एक जादा घरात ठेवा, संध्याकाळी घरी परतताना टाकी भरून ठेवा. आणि ज्या घरात छोटा ट्रॅक्टर आहे, त्या घरातल्या निदान दोघांनी, त्यांत एका बाईनं, मिस्त्रीसमोर स्वतःच्या हातानं एकदा हवा काढून बघावी. पोरं गोव्यात कामाला असतात, दिवसभर मळ्यात बायकाच असतात.