गल्लीला कोण सांगणार?

डेबी मॅकोंबर या अमेरिकन लेखिकेच्या 'सीडर कोव्ह' मालिकेतल्या कादंबऱ्यांची नावं म्हणजे चक्क घरांचे पत्ते आहेत. '१६ लाइटहाउस रोड', '२०४ रोझवुड लेन', '३११ पेलिकन कोर्ट', '४४ क्रॅनबेरी पॉइंट', '५० हार्बर स्ट्रीट'. पहिली कादंबरी २००१ साली आली आणि बारावी २०११ साली. पाचव्या पुस्तकाशी आले तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे घर नंबर उगाच दिलेले नाहीत. पहिल्या पुस्तकाचा नंबर एकने सुरू होतो, दुसऱ्याचा दोनने, तिसऱ्याचा तीनने. बाराव्याचं नाव आहे '१२२५ ख्रिसमस ट्री लेन'. त्यात बारा तर आहेतच, शिवाय बाराव्या महिन्याची पंचवीस तारीखही आहे. दिवसभर व्हर्जन नंबर सांभाळणाऱ्या माझ्यासारखीला अशा गोष्टीचा किती आनंद होतो, हे इंजिनियर लोकांना वेगळं सांगायला नको.

मी या कादंबऱ्या फोनवर वाचते, हिंजवडीहून परतताना, कंपनीच्या बसमध्ये. बस वाकडच्या पुलाशी अडकली की एक प्रकरण सहज संपतं. या प्रकाराला 'स्मॉल टाउन रोमान्स' म्हणतात आणि त्यातल्या सोज्वळ शाखेला 'स्वीट'. स्वीट म्हणजे काय, तर बेडरूमचं दार लागलं की लेखिका आणि वाचक दोघांनीही बाहेर थांबायचं. रॉबिन कारच्या 'व्हर्जिन रिव्हर' मालिकेत (पहिलं पुस्तक २००७, नेटफ्लिक्सवर २०१९पासून) गाव असंच जिव्हाळ्याचं आहे, पण ते दार तितकंसं घट्ट लागत नाही. शेवट मात्र दोन्हीकडे गोडच. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेने या साहित्यप्रकाराची व्याख्याच तशी केली आहे: कथेच्या केंद्रस्थानी प्रेम हवं आणि शेवट समाधान देणारा, आशादायी हवा. म्हणजे शेवट पहिल्या पानावरच माहीत असतो.

मग वाचायचं कशासाठी? माझ्यापुरतं उत्तर आहे, गावासाठी. जोडपी पुस्तकागणिक बदलतात, गाव बदलत नाही. पहिल्या भागात दोन ओळींपुरती आलेली बाई चौथ्या भागात नायिका होते. आपल्या सिनेमात लग्न लागलं की पडद्यावर 'समाप्त' येतं. इथे लग्न झालेली माणसं पुढच्या पुस्तकातही त्याच गावात राहतात, कुणाच्या तरी अडचणीत धावून जातात, कुणाला तरी नको तो सल्ला देतात. लेखिकेच्या दृष्टीने ही उत्तम व्यवस्था आहे, कारण एकदा गाव वसवलं की दहा वर्षं पुस्तकं निघत राहतात. वाचकाच्या दृष्टीने ती त्याहून जास्त काहीतरी आहे. प्रेमात पडूनही गाव सोडावं लागत नाही, असं जग तिथे सलग बारा पुस्तकं टिकतं.

सीडर कोव्ह काल्पनिक आहे, पण त्याचा साचा खरा आहे. वॉशिंग्टन राज्यातलं पोर्ट ऑर्चर्ड हे मॅकोंबरचं स्वतःचं गाव. समोर खाडी, पलीकडे ब्रेमर्टनचा नौदलाचा कारखाना, म्हणून कादंबऱ्यांतही नौदलातले नवरे येतात. २००९ साली या खऱ्या गावाने 'सीडर कोव्ह डेज' नावाचा उत्सव भरवला आणि वाचकांसाठी काही दिवस स्वतःच सीडर कोव्ह झालं. गावालाही आपली कादंबरीतली आवृत्ती आवडली असणार. कुणाला नाही आवडणार?

पहिल्या कादंबरीच्या सुरुवातीला कोर्ट आहे. सेसिलिया आणि इयन हे तरुण जोडपं घटस्फोट मागतंय. त्यांचं बाळ जन्मल्यावर लगेच गेलं आणि त्या दुःखात दोघं एकमेकांपासून तुटली. न्यायाधीश आहे ऑलिव्हिया लॉकहार्ट. तिचा स्वतःचा मुलगा लहानपणी बुडून गेला होता आणि त्यानंतर तिचंही लग्न मोडलं होतं. ती या दोघांचा घटस्फोट नाकारते. कोर्टात गावातल्या वर्तमानपत्राचा नवा संपादक बसलेला असतो. तो त्यावर लिहितो आणि हा हा म्हणता सगळ्या गावाला कळतं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रागच आला होता. दोन सज्ञान माणसं वेगळं व्हायचं म्हणताहेत, तर ही बाई कोण मध्ये पडणारी? आणि वर ते छापून आणणारा तो कोण? पण गोड कादंबरी असल्यामुळे ती दोघं पुन्हा एकत्र येतात आणि आपण न्यायाधीशबाईंना माफ करून टाकतो. याच पुस्तकात ऑलिव्हियाची मैत्रीण ग्रेस आहे, गावच्या लायब्ररीत काम करणारी. तिचा नवरा एक दिवस न सांगता नाहीसा होतो. गाव लहान, ती रोज लोकांसमोर बसणारी, त्यामुळे लपवायला जागाच नाही. पण तिला धरून ठेवणारी माणसंही त्याच गावात आहेत.

म्हणजे या कादंबऱ्यांमधली माणसं चांभारचौकशा करत नाहीत, असं मुळीच नाही. ती आपल्याइतक्याच चौकशा करतात. तिथेही कोण कुणाबरोबर जेवायला गेलं हे सकाळपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. फरक त्यानंतर काय होतं, यात आहे.

माझं गाव तालुक्याचं. आमच्या घराचा पत्ता कुठल्याही कादंबरीचं नाव होऊ शकणार नाही, कारण त्यात घर नंबर कोणी लिहीतच नाही. पोस्टाच्या मागची गल्ली, किराणा दुकानासमोर, मारुतीच्या देवळाला लागून. शेजाऱ्यांना वगळून आमचा पत्ता लिहिताच येत नाही.

बारावीत असताना क्लास सुटल्यावर एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर मी वर्गातल्या एका मुलाबरोबर चहा घेतला. त्याला फिजिक्सच्या नोट्स द्यायच्या होत्या. तिथून सायकलने घरी यायला मला बारा मिनिटं लागायची. बातमी माझ्या आधी पोचली होती. ती आणली होती समोरच्या काकूंनी. क्लास बंद झाला नाही, कोणी आरडाओरडाही केला नाही. पण पुढचे चार महिने बाबा रोज क्लासबाहेर उभे असायचे, स्कूटर चालू ठेवून. आम्ही त्याबद्दल कधीच बोललो नाही.

पुढे मी पुण्यात नोकरीला लागल्यावर एका रात्री दोन वाजता बाबांच्या छातीत दुखायला लागलं. आईला फोन सापडेना. पण काकूंना समोरच्या खिडकीतून आमच्या स्वयंपाकघरातला दिवा दिसला. त्यांनी मुलाला उठवलं, त्याने बोलेरो काढली, मेडिकलवाल्या काकांना झोपेतून उठवून दुकान उघडायला लावलं. मी सकाळी पोचले तेव्हा दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये आई आणि काकू एकाच थर्मासमधला चहा पीत बसल्या होत्या. बाबा घरी आल्यावरही महिनाभर काकूंकडून कमी मिठाचा डबा येत होता.

त्या दिव्याचा मी खूप विचार केला आहे. काकूंना तो दिसला, कारण काकू नेहमीच आमच्या खिडकीकडे पाहत असतात. टपरीवरची मी ज्या नजरेला दिसले, तीच ही नजर. 'डबा पाठवा, पण बघू नका' असं गावाला सांगता येत नाही. जे गाव तुमच्याकडे बघत नाही, त्याला तुमच्या घरात रात्री दिवा लागलेलाही दिसणार नाही. पुण्यात माझ्या फ्लॅटसमोर कोण राहतं मला माहीत नाही, आणि मला या गोष्टीचा रोज आनंद होतो, अगदी ताप येईपर्यंत.

गोड कादंबऱ्या ही नजर काढून टाकत नाहीत. त्या फक्त एक प्रश्न काढून टाकतात. सीडर कोव्हमध्ये दोन माणसं एकत्र दिसली की गाव विचारतं, 'यांचं जमतंय कधी?' आमच्या गावात पहिला प्रश्न असतो, 'आडनाव काय त्याचं?' बाकी कथा त्या उत्तरावर ठरते.

'सैराट' आला तेव्हा, २०१६ साली, मी इंजिनियरिंगला होते. आमचा अख्खा हॉस्टेलचा मजला थिएटरात गेला होता. मध्यंतरापर्यंत ती अगदी लहान गावातली गोड प्रेमकथाच आहे. विहीर, क्रिकेट, ऊस, ट्रॅक्टर, चिठ्ठ्या, मित्र. सगळं गाव त्या प्रेमात सामील झाल्यासारखं वाटतं. मग आडनावं मध्ये येतात. शेवटी हैदराबादेत आर्चीच्या घरी माहेरची माणसं येतात, ती आईने पाठवलेल्या भेटवस्तू घेऊन. आर्ची त्यांच्यासाठी चहा करते. सीडर कोव्हमध्ये दारात कोणी काही घेऊन आलं की वाचक निवांत होतो. 'सैराट'मध्ये त्याच दृश्यात आमच्या सबंध रांगेचा श्वास अडकला होता, कारण काय होणार हे आम्हा सगळ्यांना गावाकडूनच माहीत होतं.

हे सगळं मी आत्ता लिहिते आहे, कारण मला लग्न करायचं आहे. तो माझ्याच क्षेत्रातला, शांत, माझ्यापेक्षा चांगला स्वयंपाक करणारा. जात वेगळी. आम्ही १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करणार आहोत. त्यात तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावली जाते. त्या मुदतीत कोणीही आक्षेप घेऊ शकतं. आक्षेपाची कारणं कायद्याने मोजकी ठेवली आहेत: वय, आधीचं लग्न हयात असणं, मानसिक क्षमता, निषिद्ध नातं. जात हे कारण नाही. पण कागद भिंतीवर असतो आणि त्यावर आडनावं असतात. दोघांपैकी कोणाचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल, तर नोटिशीची प्रत तिकडेही लावायला जाते.

माझा कायमचा पत्ता आमच्या गल्लीचा आहे. म्हणजे एक प्रत आमच्या जिल्ह्याला जाणार. तिथे कामाला रोज आमच्या गावातली माणसं जातात. सीडर कोव्हच्या वर्तमानपत्राचं काम आमच्याकडे ती भिंत करणार आहे. ओळखीतल्या बऱ्याच जोडप्यांना हीच गोष्ट सगळ्यात जास्त नकोशी वाटते आणि त्यांची भीती अगदी खरी आहे. काहींना त्या तीस दिवसांत शहर बदलून राहावं लागलं आहे. गोड कादंबऱ्या वाचून ती भीती जात नाही, आणि जाऊही नये.

आईला मी दिवाळीत सांगितलं. ती बराच वेळ शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "बाबांना मी सांगते. पण गल्लीला कोण सांगणार?"

तिने 'लोक काय म्हणतील' असं विचारलं नाही. कोण सांगणार, असं विचारलं. गल्लीला कळणार हे तिने धरूनच चाललं होतं. तिला फक्त ते कुठून कळणार याची काळजी होती. बाबांशी तिचं बोलून झालं आहे. ते काही बोलले नाहीत. पण मागच्या रविवारी फोनवर त्यांनी मला विचारलं, तो पुण्यात कुठे राहतो. आडनाव विचारलं नाही, आईने सांगितलंच असणार. घर भाड्याचं की स्वतःचं, पार्किंग आहे का, हे मात्र नीट विचारून घेतलं.

पुढच्या शनिवारी मी गावी जाणार आहे. नोटीस अजून दिलेली नाही. ती लागायच्या आधी समोरच्या काकूंकडे जायचं ठरवलं आहे, एकटीने, दुपारी चार वाजता, त्या चहा टाकतात तेव्हा. आडनाव मीच आधी सांगणार, म्हणजे तो प्रश्न त्यांना विचारावा लागणार नाही. त्यानंतर त्या काय विचारतात, ते मला तिथे बसून ऐकायचं आहे.