बाईंचं देणं

सदाशिव पेठेतल्या आमच्या योगाच्या बाईंचं माझ्यावर जे ऋण आहे, ते आसनांपेक्षा एका सूत्राचं जास्त आहे. पतंजलींच्या योगसूत्रांतलं, पहिल्या पादातलं 33वं सूत्र त्या वर्गात म्हणून घेत. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवंताला पाहून मुदिता म्हणजे आनंद, आणि वाईट वागणाऱ्याविषयी उपेक्षा. या चार भावना मुरल्या की चित्त प्रसन्न होतं, असं ते सांगतं. आम्ही सगळ्या जणी ते मंत्रासारखं म्हणायचो. माझ्यापुरता त्याचा अर्थ उलगडला तो अण्णांच्या आजारपणात.

अण्णांना कंपवात झाला. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानात उभं आयुष्य काढलेला माणूस. हातातलं पान थरथरायला लागलं तसं त्यांनी वाचणंच सोडलं. रात्री आडवं केलं की त्यांची हनुवटी वर जायची, श्वास अडखळायचा, आणि मी शेजारी बसून रडायची. एकदा बाई घरी आल्या. म्हणाल्या, "रडायला पुढे वेळ आहे गं. आधी ती उशी काढ. सोलापुरी चादरी आहेत ना घरात? आण."

त्यांनी चादरींच्या लांब, अरुंद घड्या घातल्या. सुरकुती दिसली की घडी मोडून पुन्हा घालायच्या. त्या घड्या अण्णांच्या पाठीखाली, कमरेच्या वरपासून डोक्यापर्यंत सरकवल्या. डोक्याखाली आणखी एक, कपाळ हनुवटीपेक्षा किंचित उंच राहील अशी. मग त्यांच्या बरगड्यांवर तळहात ठेवून थांबल्या. पाठीखालची एक घडी काढली. पुन्हा थांबल्या. "अण्णा, आता कसं वाटतंय?" अण्णांनी डोळे मिटले, आणि श्वास पोटापर्यंत उतरताना मला दिसला. "करुणा म्हणतो ती ही," बाई मला म्हणाल्या. "रोज कर."

बाई हे शिकल्या मॉडेल कॉलनीत, 1975 साली सुरू झालेल्या रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्थेत. बी. के. एस. अय्यंगार 1937 साली, अवघ्या अठराव्या वर्षी, योग शिकवायला पुण्यात आले. लहानपण मलेरिया, विषमज्वर आणि क्षय यांत गेलेलं. शरीर साथ देत नाही म्हणजे काय, हे ज्यानं भोगलं त्यानंच पुढे पट्टे, ठोकळे, दोऱ्या आणि खुर्च्यांचा आधार देऊन आजारी माणसालाही आसनात बसवलं, याचं मला फार मोल वाटतं. 1966 सालच्या 'लाइट ऑन योग'च्या प्रस्तावनेत त्यांनी हेच मांडलंय, की दुसऱ्याच्या दुःखानं नुसते डोळे भरून येणं पुरेसं नाही, ते दुःख हलकं करायला हात चालले पाहिजेत. ते मी नंतर वाचलं. बाईंचे हात तोवर पाहून झाले होते.

करुणेचं फळ करणाऱ्याच्याच चित्ताला मिळतं, हे आधी मला खटकायचं. अण्णांची घडी रोज घालताना ते पटत गेलं. माझं मन थाऱ्यावर राहिलं म्हणूनच त्यांचं सगळं नीट झालं. पिचलेल्या माणसाच्या हातून सेवा होत नाही.

सगळ्यात अवघड गेली ती उपेक्षा. एक चुलतभाऊ यायचा, खर्चाची गोष्ट निघाली की उठायचा, आणि जाताना अण्णांना कसं सांभाळावं हे मला ऐकवून जायचा. मी एकदा त्याच्याशी कायमचं तोडायला निघाले होते. बाई म्हणाल्या, "त्याचं वागणं त्याच्यापाशी. तू चहा दे आणि आपल्या कामाला लाग." मी तसंच करत राहिले. त्याचा राग मनात धरला नाही, त्याच्याकडून अपेक्षाही ठेवली नाही.

शेवटच्या महिन्यात मी आजारी पडले, तेव्हा अण्णांजवळ रात्रीची जागरणं त्यानंच केली. चादरीची घडी कशी घालायची, ते त्याला अण्णांनी सांगितलं.