दुतोंड्या मारुती आणि आमचा एजंट

एजंट म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं? एलआयसीवाले काका? आरटीओच्या बाहेर टेबल टाकून बसलेला माणूस? की थेट जेम्स बाँड? आमच्या हॉस्टेलमध्ये मात्र गेल्या वर्षी या शब्दाने भलताच धुमाकूळ घातला. "डिपार्टमेंटच्या सर्व्हरवर एजंट बसवलाय म्हणे, आपण काय उघडतो ते सगळं सरांना दिसतं!" ही बातमी मेसच्या रांगेत सुरू झाली आणि चपाती ताटात पडेपर्यंत तिसऱ्या मजल्यावर पोचली. तो एजंट बसवणाऱ्या तिघांपैकी मी एक. त्यामुळे त्याची खरी हकीकत सांगणं माझं कर्तव्यच आहे. (शाळा कॉन्व्हेंटची, एकोणनव्वद म्हणजे नक्की किती हे मी आजही आजीला विचारते. तेव्हा भाषेला सांभाळून घ्या!)

आधी थोडं बॅकग्राउंड. आपल्या लॅबमध्ये दिसायला एकच मोठा सर्व्हर आहे, पण त्याच्या पोटात वीस कॉम्प्युटर राहतात. यांना म्हणतात व्हर्च्युअल मशीन, लाडाने व्हीएम. कल्पना नवी नाही. आयबीएमने १९७२ मध्येच व्हीएम/३७० नावाची सिस्टिम बाजारात आणली होती, म्हणजे आपले आईबाबा शाळेतही जात नव्हते तेव्हा! आपल्याकडे आहे ती केव्हीएम, जी २००७ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच येते. डीबीएमएसच्या लॅबची एक व्हीएम, फायनल इयरच्या प्रोजेक्ट ग्रुपना एकेक, सबमिशनच्या पोर्टलची एक. प्रत्येकीला वाटतं, हे घर माझं एकटीचं. खरं तर सगळ्या एकाच खोलीत दाटीवाटीने राहतात. हॉस्टेलवाल्यांना यापेक्षा जास्त समजवायला नको.

आता मेसचंच उदाहरण घ्या. मेंबर ऐंशी, ताटं चाळीस. रोज काही अडत नाही, कारण सगळे एकाच वेळी जेवायला येत नाहीत. पण पुरणपोळीच्या दिवशी? आपल्या सर्व्हरची डिस्क दोन टीबीची होती आणि वीस व्हीएमना प्रत्येकी दोनशे जीबीचा शब्द दिलेला होता. गुणाकार करा, चार टीबी होतात! याला थिन प्रोव्हिजनिंग म्हणतात आणि जगभर असंच चालतं. फक्त खरी डिस्क किती भरली यावर कोणीतरी डोळा ठेवायला हवा.

सबमिशनच्या आठवड्यात पुरणपोळीचा दिवस उजाडला. शुक्रवारी रात्री सगळे ग्रुप एकदम डेटा भरायला बसले आणि अकराच्या सुमारास खालची खरी डिस्क भरली. केव्हीएमने अशा वेळी जे करायचं ते केलं. ज्या ज्या व्हीएमला डिस्कवर लिहायला जागा हवी होती, ती ती जागच्या जागी थांबवून ठेवली. बारा वाजेपर्यंत सबमिशन, आणि पोर्टलच बेशुद्ध! आमच्या विंगमधली फायनलची एक दीदी जिन्यात बसून रडत होती. चार महिन्यांचं काम आणि अपलोडचं गोल गोल फिरणारं चक्र.

सर्व्हरवर मॉनिटरिंग नव्हतं असं नाही. जुन्या कुठल्यातरी बॅचने झॅबिक्स बसवून ठेवलं होतं. प्रत्येक व्हीएममध्ये एजंट होता आणि शेवटच्या क्षणापर्यंत तो सांगत होता, "डिस्क साठ टक्के, सगळं ठीक." खोटं नव्हता बोलत बिचारा! त्याच्या घरातली डिस्क साठच टक्के भरलेली होती. मग व्हीएम थांबली आणि तिच्याबरोबर एजंटही गप्प झाला. गप्प बसणं हीच मोठी बातमी आहे, हे मात्र सिस्टिमला कोणी शिकवलेलं नव्हतं.

आणि शिकवलं असतं तरी उपयोग काय? लॅबच्या काकांचा फोन सायलेंटवर होता. रोज रात्री अडीचला बॅकअप चालतो, त्याने प्रोसेसरवर ताण येतो, की आला एसएमएस, 'लोड फार वाढला'. दहा मिनिटांनी दुसरा, 'लोड कमी झाला'. दररोज! काकांनी महिनाभर उठून पाहिलं, मग रात्री फोन बंद करायला लागले. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण पहिलीत शिकतो. त्यात दोष मेंढपाळाच्या पोराचा होता. इथे काकांचा काय दोष?

शनिवारी सकाळी सरांनी जुने स्नॅपशॉट उडवून जागा केली आणि व्हीएम जिथे थांबल्या होत्या तिथून पुढे चालू झाल्या. मुदत दोन दिवस वाढली, दीदी हसली. आणि सरांनी आम्हा तिघांना बोलावून सांगितलं, "आता हे मॉनिटरिंग तुम्ही नीट लावा."

झॅबिक्सबद्दल थोडं सांगते. लॅटव्हिया देशातल्या अलेक्सेई व्लादिशेव्ह यांनी हे सॉफ्टवेअर लिहिलं आणि २००१ मध्ये सगळ्यांसाठी फुकट खुलं केलं. एजंट म्हणजे त्यातला एक छोटासा प्रोग्राम. त्याची एक साधी टेक्स्ट फाइल असते, कॉन्फिग फाइल, आणि त्यातल्या तीन ओळींवर सगळा खेळ चालतो.

पहिली ओळ 'सर्व्हर', म्हणजे मला प्रश्न विचारायचा अधिकार कोणाला. ही पॅसिव्ह पद्धत. रेक्टर मॅडम रात्री दार वाजवून "आहेस का गं?" विचारतात, तशी. दुसरी ओळ 'सर्व्हरअ‍ॅक्टिव्ह', यात एजंट स्वतःहून जाऊन सांगतो. गेटवरच्या रजिस्टरमध्ये आपण सही करतो तशी. पहिल्यासाठी १००५० नंबरचा पोर्ट उघडा लागतो, दुसऱ्यासाठी १००५१. तिसरी ओळ 'होस्टनेम', म्हणजे एजंटचं नाव, सर्व्हरवर लिहिलंय अगदी तसंच्या तसं. आणि इथेच गंमत होती. व्हीएम बनवताना एकीची कॉपी काढून दुसरी बनवतात, त्यामुळे फाइलमधलं नावही कॉपी होतं. तीन व्हीएम एकाच नावाने हजेरी लावत होत्या. शुद्ध प्रॉक्सी! आम्ही ती ओळ काढून टाकली आणि एजंटला सांगितलं, ज्या मशीनमध्ये आहेस तिचं नाव तिलाच विचार.

इथपर्यंत सोपं होतं. अवघड प्रश्न पुढचा. कधी ओरडायचं, आणि कोणाच्या कानात?

याचं उत्तर मला आजीकडे मिळालं. माझं आजोळ पंचवटीतलं आणि आजोबांचं भांड्यांचं दुकान भांडी बाजारात. गोदावरीला पूर आला की सराफ बाजार आणि भांडी बाजारात पाणी शिरतं. २००८, २०१६, २०१९ चे मोठे पूर आजीला तोंडपाठ आहेत. रामकुंडाजवळ नदीतच उभा असलेला दुतोंड्या मारुती नाशिककरांना माहीतच आहे. एक तोंड इकडे, एक तोंड तिकडे. पाणी किती चढलं हे नाशिकमध्ये फुटात कोणी विचारत नाही. मारुतीच्या कुठपर्यंत आलं, ते विचारतात.

आजी म्हणाली, "अगं, गुडघ्याला पाणी लागलं की खालच्या फळीवरची भांडी वर चढवायची. कमरेला लागलं की मीटर बंद करून शटर ओढायचं. छातीला लागलं की दुकान विसरायचं आणि माणसं मोजायची."

मी वहीत लिहूनच घेतलं. प्रत्येक खुणेला एक काम जोडलेलं आहे. ज्या खुणेला काही करायचंच नाही, ती आजीच्या यादीतच नाही. आमच्या झॅबिक्समध्ये मात्र शंभरावर खुणा होत्या, आणि काम कशालाच नव्हतं.

आजीची दुसरी सवयही मला आठवली. ती फक्त मारुतीवर विसंबत नाही. पाऊस धरला की तिचा पहिला प्रश्न असतो, "गंगापूरमधून किती सोडलं?" कारण मारुती सांगतो पोचलेलं पाणी, आणि धरण सांगतं येणारं पाणी. व्हीएमच्या आतला एजंट म्हणजे नुसता मारुती. धरणावर, म्हणजे खालच्या खऱ्या मशीनवर, आमचं कोणी बसलेलंच नव्हतं!

म्हणून आम्ही होस्टवरही एक एजंट बसवला. आता खरी डिस्क किती भरली, कोणती व्हीएम थांबवलेली आहे, हे तो सांगतो. आत आणि बाहेर दोन्हीकडे बघितल्यावर आणखी एक आकडा समजायला लागला. 'टॉप' कमांडमध्ये अगदी शेवटी 'एसटी' लिहिलेलं असतं. लाल परी नव्हे! हा स्टील टाइम, म्हणजे चोरीला गेलेला वेळ. व्हीएम काम करायला तयार आहे, पण होस्टचा प्रोसेसर दुसऱ्याच व्हीएमच्या कामात आहे. तशी लाल परीच म्हणा ना, आपण स्टॉपवर उभे आणि गाडी फुल्ल. माझा प्रोग्राम स्लो का, याचं उत्तर कधीकधी आपल्या कोडमध्ये नसतंच, शेजारणीच्या व्हीएममध्ये असतं.

हे फक्त आपल्या लॅबचं वेड नाही बरं का. २००५ मध्ये पीयूष सोमाणी यांनी आपल्या नाशिकमध्येच ईएसडीएस ही कंपनी सुरू केली. सातपूरच्या एमआयडीसीत तिचं डेटा सेंटर आहे. तिच्या एनलाइट क्लाउडची खासियत म्हणजे चालू व्हीएमचा प्रोसेसर आणि मेमरी लोडप्रमाणे वाढवायची नाहीतर कमी करायची. आता तुम्हीच सांगा, लोड सतत आणि खरा मोजल्याशिवाय हे जमेल का? आपण सिटी बसमधून ज्या रस्त्याने जातो, तिथे हेच काम मोठ्या प्रमाणावर चालतं.

मग आम्ही काकांसमोर बसून खुणा ठरवल्या. काकांची अट एकच. "ताई, ज्याच्यावर मी रात्री उठून काही करू शकतो, तेवढंच मला सांगा. बाकीचं सकाळी."

गुडघा म्हणजे होस्टची डिस्क ७५ टक्के. कोणालाही उठवायचं नाही, फक्त सकाळच्या मेलमध्ये एक ओळ. कंबर म्हणजे ८५ टक्के. सरांना आणि आम्हा तिघांना मेसेज, जुने स्नॅपशॉट काढायचे. पाणी ७५ च्या खाली जाईपर्यंत ही सूचना मिटत नाही, नाहीतर ८४ आणि ८५ च्या मध्ये ती दिवसभर उघडझाप करते. छाती म्हणजे ९५ टक्के, किंवा भरण्याचा वेग पाहता बारा तासांत डिस्क भरेल असा अंदाज (झॅबिक्समध्ये यासाठी तयार फंक्शन आहे), किंवा एखादी व्हीएम थांबलेली, किंवा पाच मिनिटं होस्टच्या एजंटचा आवाजच नाही. तेव्हाच काकांचा फोन वाजणार. अडीचच्या बॅकअपची सूचना आम्ही काढूनच टाकली. बॅकअप रोज होतो, त्यात बातमी काय? बॅकअप झाला नाही तर सकाळी सांगायचं.

राहिली हेरगिरीची अफवा. एजंट प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्कचे आकडे पाठवतो. तुमच्या फाइलमध्ये काय लिहिलंय, ते नाही. पण नुसतं "विश्वास ठेवा" म्हणणं मला पटेना. कारण परवानगी दिली तर एजंट सर्व्हरकडून आलेली कमांडही चालवू शकतो. ती परवानगी मुळात बंद असते, आम्ही बंदच ठेवली. आणि कॉन्फिग फाइलची प्रिंट काढून दोन्ही हॉस्टेलच्या नोटीस बोर्डवर लावली, शेजारी मराठीत प्रत्येक ओळीचा अर्थ. एकाने त्यावर पेनने लिहिलं, 'हे खरं कशावरून?' प्रश्न बरोबर होता. मग सरांची परवानगी घेऊन प्रत्येक ग्रुपला आपापल्या व्हीएममधली ती फाइल वाचायला मोकळी केली. प्रिंटशी ताडून बघा म्हटलं. सात ग्रुपनी खरंच ताडून पाहिली. मेसमधली चर्चा परत भाजीत मीठ आहे की नाही यावर आली.

वाचकहो, एवढं सगळं केलं तरी डिस्क दोनच टीबीची आहे. तेव्हा व्हीएममध्ये साठवलेले सिनेमे कृपया तुमच्याच पेनड्राइव्हवर न्या. एजंटला त्यांची नावं कळत नाहीत, पण वजन बरोबर कळतं!

गेल्या सत्रात काकांचा फोन रात्री दोनदा वाजला. दोन्ही वेळा काका उठून आले, आणि दोन्ही वेळा त्यांनी यायलाच हवं होतं.