जयगडचा दिवा

नाताळच्या सुटीत कुठे जायचे, यावर आमच्या घरी दरवर्षी गोलमेज परिषद भरते. गेल्या वर्षी चिरंजीवांनी मुंबई-गोवा क्रूझचा ठराव मांडला, कन्येने अनुमोदन दिले आणि खर्चाचा आकडा ऐकून मी आवंढा गिळला. एरवी अशा वेळी माझी बाजू घेणारी आई एकदम म्हणाली, "बोट जयगडावरून जाईल ना रे? मग मीही येते." ठराव मंजूर झाला.

आईचे माहेर जयगडच्या खाडीत. लहानपणी ती मुंबईहून गावी जाई ती कोकणबोटीने. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशी बंदरे घेत बोट दक्षिणेला जायची. पुष्कळ ठिकाणी धक्का नसे. बोट खोल पाण्यात थांबे, पडाव येत आणि हेलकावणाऱ्या त्या पडावांत माणसे, ट्रंका, वळकट्या उतरत. किनाऱ्यावर आजोबा कंदील घेऊन उभे असत.

आमच्या जहाजात लिफ्ट होती, पोहण्याचा तलाव होता, नाटकगृह होते आणि खाण्याला तर खळ नव्हता. नव्हती ती फक्त आमच्या खोलीला खिडकी. तिचे पैसे वेगळे! संध्याकाळी मुंबई मागे पडली तशी सारी मंडळी वर आली. रेवसची दिशा विचारून घेऊन आईने हात जोडले. 17 जुलै 1947 रोजी रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. "त्यानंतर आमची आई बोटीत पाय ठेवण्याआधी समुद्राला नारळ द्यायची," ती म्हणाली. पुढे खांदेरीचा 1867 सालचा दीपस्तंभ लुकलुकू लागला. मुले तोवर जेवायला पळाली होती.

रात्री एकच्या सुमारास आईने मला उठवले. वरच्या डेकवर गाणी दणदणत होती. आम्ही मागच्या बाजूला कठड्याशी जाऊन उभे राहिलो. मोबाइलच्या नकाशावरचा निळा ठिपका जयगडच्या समोर आला होता. डोळ्यांपुढे मात्र नुसता काळोख.

"थांबत नाही का रे इथं?"

"नाही, आई."

तेवढ्यात पूर्वेला, अगदी पाण्याच्या रेघेवर, काहीतरी चमकले. दीपस्तंभ की एखादी मच्छीमार बोट, मला सांगता येईना. आई म्हणाली, "तोच." मग शाल सावरीत हळूच पुढे म्हणाली, "पडावात उतरताना फार भीती वाटायची. बाबांचा कंदील दिसला की जायची. आता भीती नाही, अन् उतरायचंही नाही."

सकाळी मुरगाव आले. मुलांच्या मते अशी सहल पूर्वी झाली नव्हती, आणि ते खरेच होते. मला मात्र त्या रात्रीचे ऋण फेडल्यावाचून चैन पडेना.

फेब्रुवारीत दोघेच मोटारीने जयगडला गेलो. तिन्हीसांजेला आई बंदरावर समुद्राकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिली. दीपस्तंभाचा दिवा लागला. दूर एका जहाजाचा बारीकसा उजेड सरकत होता.

"बाबा इथून काय बघत असतील," ती म्हणाली, "ते आज कळलं."